घरात बोलली जाणारी भाषा

"मैम, ये फॉर्म आपने भरा है कभी?" करिष्माने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आपला कागद बाकीच्या कागदांवर उपडा ठेवून दिला. प्रश्नात खोच नव्हती. पाणी प्यायलात का, असं विचारावं तसं तिने विचारलं. संघमित्रा हसली, "बाद में बताऊंगी" म्हणाली आणि पुढच्या मुलाचा कागद घ्यायला वळली, पण वळताना आपला हात टेबलाच्या कडेवर उगाच थोडा वेळ थांबला, हे तिच्या लक्षात आलं. दीड वर्षापासून ती हे काम करत होती. भिलाईतल्या एका संस्थेचा, शाळकरी मुलांच्या मनःस्वास्थ्याचा प्रकल्प होता. नववी ते बारावीच्या वर्गांत जायचं, दोन पानी फॉर्म वाटायचा, यात बरोबर-चूक काही नसतं हे समजावायचं, मुलं लिहीत असताना खिडकीबाहेर बघायचं. मग गुण मोजायचे. ठरलेल्या आकड्याच्या वर ज्याचे गुण जातील त्याच्याशी त्याच दिवशी बाजूला बसून बोलायचं, कारण फॉर्मातला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल होता आणि त्याला 'हो' लिहिणाऱ्या मुलाला तसंच घरी जाऊ द्यायचं नसतं. मुलं तऱ्हेतऱ्हेचे प्रश्न विचारत. पेन चालेल का, पप्पांना सांगाल का, खोटं लिहिलं तर कळतं का. हा प्रश्न मात्र आजवर कुणी विचारला नव्हता.

भिलाई-३ मधल्या त्या शाळेच्या वाचनालयात बसून तिने अकरावीचे बत्तीस कागद तपासले. वरच्या कोपऱ्यात एक रकाना होता, घरात बोलली जाणारी भाषा. तो वाचायला तिला आवडायचं. एकाच वर्गात तेलुगू, उडिया, बांगला, मल्याळम, पंजाबी, छत्तीसगढी. एका मुलाने 'गोंडी' लिहून, खोडून, वर 'हिंदी' केलेलं. ही सगळी मुलं पोलाद कारखान्याच्या एकाच चिमणीच्या धुरात वाढलेली, पण त्यांच्या आया दुपारी ज्या शब्दांत त्यांना हाका मारत ते शब्द या खोलीत कधी येत नसत. करिष्माने 'हिंदी' लिहिलं होतं. अकरा प्रश्न, अकराही उत्तरं 'नाही'. खुणा एकसारख्या, ठाम, जणू प्रश्न वाचण्याआधीच केलेल्या. गुण शून्य. संघमित्राने तो कागद शून्याच्या गठ्ठ्यात ठेवला. त्या दिवशी आकड्याच्या वर दोघे गेले होते. त्या दोघांशी ती बोलली, त्यांच्या घरी फोन झाले, पुढच्या वेळा ठरल्या, आणि साडेतीनला ती फाटकापाशी आपली स्कूटी काढायला आली. तिथे करिष्मा मैत्रिणीच्या फोनवर बोलत उभी होती. "हव आई, येऊन राहिली ना. नाही, भूक नाही मले." मग फोन परत देत, दप्तरातून एक जाड वही काढून तिने मैत्रिणीच्या हातात ठेवली. "केमिस्ट्री की प्रॅक्टिकल फाइल है. तू रख ले. मेरे को नहीं लगेगी."

संघमित्राने हे पाहिलं, ऐकलं आणि निघाली. हिवाळ्यातलं पिवळं ऊन, जी. ई. रोडवर पोलादाच्या गुंडाळ्या वाहणारे ट्रक, त्यांच्यामागे उडणारी लालसर धूळ. चेहऱ्याला ओढणी बांधून ती स्मृती नगरातल्या आपल्या घराकडे चालली होती आणि मनात सारखा तोच प्रश्न. आपण भरलाय का? कामावर रुजू होताना एक कागद तिनेही भरला होता. कुटुंबात अशी काही घटना? तिथे तिने 'नाही' लिहिलं होतं. विचार करूनही नव्हे. आपला पत्ता लिहावा तसं हात चालवून लिहिलं होतं. नागसेन तिचा मोठा भाऊ. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा, आणि ती चौदाची. रायपूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, सुट्टीत घरी आला होता. कारखान्याच्या वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरच्या दारात पहिला शेजारी आला तेव्हा बाबा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "तापानं गेला." बाबा प्लँटमध्ये कोक ओव्हनवर होते, उभा जन्म आगीसमोर काढलेला माणूस, त्यांचा आवाज त्या दिवशीही हलला नाही. त्यांनी एकदा म्हटलं आणि मग तेच खरं झालं. विहारातल्या शोकसभेत ताप, भंडाऱ्याकडच्या नातेवाइकांना पाठवलेल्या पत्रांत ताप, तिच्या लग्नात सासरच्यांनी विचारलं तेव्हाही ताप. सत्तावीस वर्षांत तो ताप इतका पक्का झाला की कधीकधी तिला त्याच्या कपाळावरची ओली पट्टी आठवे, जी कुणी ठेवलेलीच नव्हती.

आणि जे खरोखर घडलं होतं ते बारीकसारीक तिला पॉवर हाऊस चौकातल्या सिग्नलवर आठवायला लागलं. त्या जूनमध्ये, पाऊस तोंडावर आलेला असताना, नागसेनने आपला नवा रेनकोट शेजारच्या पोराला देऊन टाकला होता. "घे, मले नाही लागत," म्हणाला होता. आई कौतुकाने म्हणाली होती, माझं लेकरू दिलदार आहे. पावसाळ्यात रेनकोट कोण देऊन टाकतं? हे तिला त्या वेळी सुचलं नव्हतं, चौदाव्या वर्षी सुचायचंही नाही, पण नंतर ती जे जे शिकली, प्रशिक्षणात ज्या ज्या खुणा पाठ केल्या, त्यांत ही खूण होती आणि तरी तिने ती कधी त्या रेनकोटापाशी नेऊन ठेवली नव्हती. प्रॅक्टिकल दोन महिन्यांवर असताना प्रॅक्टिकलची फाइल कोण देऊन टाकतं? सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. ती कडेला झाली, एका टपरीच्या सावलीत स्कूटी उभी केली आणि प्रकल्पाचे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर कौस्तुभ यांना फोन लावून त्या फाइलचं सांगितलं.

"गुण किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"शून्य."

"शून्यवाल्या मुलीच्या घरी जायचं म्हणताय."

"तिने घरची भाषा खोटी लिहिली आहे. मग बाकीचं खरं कशावरून?"

"जा," डॉक्टर म्हणाले. "चुकलं तर एक चहा वाया जाईल. आणि आडून आडून विचारू नका, सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या मनात ते शिरत नाही. फोन चालू ठेवतो मी."

शाळेतून पत्ता घेऊन ती रेल्वे क्वार्टरमध्ये पोचली तेव्हा साडेचार झाले होते. दार करिष्माच्या आईने उघडलं. कांता नाव, पन्नाशीच्या अलीकडची, हाताला कणीक. संघमित्राने "शाळेतून आली मी" असं मराठीत म्हटलं आणि कांताचा चेहरा एकदम सैल झाला. "आपल्याकडच्याच का बाई तुमी? कुठल्या?" भंडाऱ्याकडच्या, लाखनीच्या, असं सांगितल्यावर "आमचं तिरोडा" म्हणत तिने खुर्ची पुढे केली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली करिष्माची दहावीची गुणपत्रिका, तीही चौकटीत. यजमान देवीदास रेल्वेत, यार्डात येणाऱ्या मालगाड्यांचे डबे तपासतात, ड्यूटीवरून येतीलच इतक्यात. पोरगी मागं वाळलेले कपडे काढून राहिली आहे. चहा टाकते. संघमित्रा मागच्या पायरीवर गेली. करिष्मा दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत बसली होती. तिला बघून उठली नाही, दचकलीही नाही. जणू कुणीतरी येणार हे तिला ठाऊक होतं, फक्त कोण ते माहीत नव्हतं.

"फॉर्म भरला का म्हणून विचारलं होतं तू," संघमित्रा तिच्या शेजारी बसत म्हणाली. "नाही भरला. भरला असता तं खोटा भरला असता."

करिष्माचा हात थांबला. "मराठी येते तुमाले?"

"घरी तेच बोलतो आम्ही."

"मंग शाळेत कावून नाही बोलल्या?"

"तू कावून हिंदी लिहिलं?"

करिष्माने खांदे उडवले. "मराठी लिखो तो पूछते हैं, कौन-से वाले मराठी. मंग सरनेम विचारतात. मंग बस."

दोघी काही वेळ घड्या घालत राहिल्या. उशीचे अभ्रे, देवीदासचा निळा शर्ट, कोपरापाशी विरलेला. संघमित्राला आता तो प्रश्न विचारायचा होता. हिंदीत तो तिने शेकडो वेळा विचारला होता, न अडखळता, डोळ्यांत बघून, शिकवल्यासारखा. हिंदीत तो कागदावरचा प्रश्न होता. मराठीत तो तिने आयुष्यात एकदाही उच्चारला नव्हता, आणि आता तो जिभेवर आला तेव्हा त्याला तिच्या आईच्या स्वयंपाकघराचा वास होता, भाकरीचा, राखेचा. तिने एक श्वास घेतला. "करिष्मा, मरून जावं असं वाटते का तुले?"

यार्डातून एक मालगाडी सुटली होती. लांबलचक गाडी, डब्यामागून डबा, आणि ती जाईस्तोवर बोलण्यात अर्थ नव्हता. संघमित्राने घाई केली नाही. आवाज विरत गेला, मागे एक कुत्रं भुंकलं, तेही गप्प झालं.

"हव," करिष्मा म्हणाली. मग शर्टाची बाही घडीत घालत, "रोज नाही. पण दिवाळीपासून आहे. प्रॅक्टिकलच्या आधी, असं ठरवलं होतं मी."

पुढचे प्रश्न संघमित्राने क्रमाने विचारले, जसे विचारायचे असतात तसे, आणि करिष्माने प्रत्येकाचं उत्तर दिलं, आवाज न चढवता. एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येत नव्हतं, मराठी-हिंदी सगळं एकात एक येत होतं. कोचिंगमध्ये सर टेस्टचे मार्क वाचून दाखवतात. तिचा नंबर आला तेव्हा म्हणाले, तुम लोगों को क्या टेंशन, तुम्हारा तो हो ही जाएगा. "पूरी बॅच हसली," करिष्मा म्हणाली. "मी बी हसली." त्यानंतर रोज कुणी ना कुणी तेच म्हणायचं, मस्करीत, आणि रोज ती हसायची, आणि घरी आल्यावर पुस्तकातली अक्षरं दिसायची पण आत जात नव्हती. मार्क आणखी घसरले. "घरी कसं सांगू? पप्पा म्हणतात, आपण रडणारे लोक नाही. बाबासाहेबांनी किती सोसलं. मले तं एवढंसं नाही सोसवलं." हे म्हणताना तिने अंगठा आणि बोट यांच्यात तीळभर जागा दाखवली. संघमित्राकडे अशा वेळी बोलायची वाक्यं होती, चांगली, तपासलेली वाक्यं. त्यांतलं एकही तिने वापरलं नाही. कारण ती तीळभर जागा तिने ओळखली होती. आपल्या घरात दुःखाचंही माप ठरलेलं होतं, आणि त्या मापाला न पुरणारं दुःख घेऊन नागसेन दिवसभर घरात वावरला असेल, जेवला असेल, तिच्या वेणीची थट्टा केली असेल.

"हे पप्पांना सांगावं लागन," ती म्हणाली. "मी सांगतो. तू सोबत बस."

"रागावतीन."

"रागावू दे. मी आहो."

देवीदास आला तो नारिंगी जाकिटातच, हात ग्रीसने काळे. "जय भीम मॅडम," म्हणत तो मोरीत गेला, साबणाने बराच वेळ हात धूत राहिला, मग येऊन पलंगाच्या कडेवर बसला. संघमित्राने सांगितलं. जितकं सांगायला हवं तितकं, करिष्माने मान हलवून परवानगी दिली तितकं. देवीदास शांतपणे ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एकेक दार बंद होत चाललेलं तिला दिसत होतं. "फॉर्मात काय लिहिलं तिनं?" त्याने विचारलं. फॉर्मात काहीच नाही लिहिलं, असं ऐकल्यावर तो जरा सावरला. "मंग मॅडम, काही गैरसमज असन. आमच्या घरात असं काही नाही. पोट्टी हुशार हाये. अभ्यासानं थकली असन, बस." हे वाक्य संघमित्राने उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, शब्द वेगळे होते. त्या आवाजाशी तिने कधी वाद घातला नव्हता. आता तिने देवीदासकडे सरळ पाहिलं.

"माझा भाऊ होता," ती म्हणाली. "नागसेन. एकोणीस वर्षांचा. आमच्या घरी सगळ्यांना सांगतात तो तापानं गेला. तापानं नाही गेला. त्यानं स्वतः जीव दिला. आमच्यापैकी कोणी त्याले एक शब्द विचारला नव्हता."

कांता स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली आणि जमिनीवर, करिष्माच्या पायाशी बसली. देवीदासने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. नखांत अजून काळं राहिलं होतं. "गाडी यार्डात आली का मी एकेका डब्याच्या एक्सलपाशी हात नेतो," तो म्हणाला. "आतून गरम झाला असन तं बाहेरून कळते. वीस वर्षं झाली. आजवर चुकलं नाही." मग कुणालाच उद्देशून नाही असं, "घरात कसं नाही कळलं?"

"पप्पा," करिष्मा म्हणाली, "मी हसत होती ना."

तो रागावला नाही. रडलाही नाही. गुडघ्यांवर हात टेकवून पुढे झुकला आणि म्हणाला, "मी काय करू, ते सांगा." संघमित्राने सांगितलं. तिला एकटीला ठेवायचं नाही, घरातली औषधं आणि अशा सगळ्या वस्तू आज कुलपात, उद्या सकाळी दहाला हॉस्पिटल, डॉक्टर वाट बघतील. बाकी उपदेश नको, फक्त विचारत राहा आणि ऐका. कांता म्हणाली, "आजपासून मी तिच्याजवळ झोपन." "मी लहान आहो का?" करिष्माने विचारलं. "हव," कांता म्हणाली, आणि तिने चहाचे तसेच गार झालेले कप उचलले.

दुसऱ्या दिवशी तिघंही दहाच्या आधीच येऊन बसली होती. औषधं सुरू झाली, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. सगळं एकदम सुधारलं असं नाही. जानेवारीतले दोन आठवडे करिष्मा शाळेत गेलीच नाही, एका दुपारी तिने स्वतःहून फोन करून "मैम, आज फिर वैसा लग रहा है" म्हटलं, आणि कांता तिला तशीच रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन आली. त्या फोनचा डॉक्टरांना फार आनंद झाला, मुलगी स्वतः मदत मागू लागली होती. ते कोचिंग सुटलं. देवीदास एकदा तिथे जाऊन त्या सरांना भेटून आला, काय बोलणं झालं ते त्याने घरी सांगितलं नाही, फक्त "बोललो" म्हणाला. प्रॅक्टिकल तिने दिली. प्रकल्पाच्या बैठकीत संघमित्राने शून्याचा गठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हा बराच वाद झाला, पण शेवटी ठरलं की सगळं शून्य असलेल्या मुलांना पुन्हा भेटायचं, आणि त्यांच्या घरच्या भाषेत. तेलुगूसाठी एक नर्स मिळाली, उडियासाठी प्रयोगशाळेतल्या एक बाई, गोंडीसाठी बालोदकडचे एक निवृत्त गुरुजी. कागदावर 'नाही' लिहिलेल्या त्रेचाळीस मुलांपैकी सहा जणांनी तोंडी 'हो' म्हटलं. संघमित्राने रुजू होतानाचा आपला जुना कागद मागवून घेतला आणि एका शब्दाच्या जागी दुसरा लिहून खाली सही केली. ऑफिसातला बाबू म्हणाला, एवढ्यासाठी?

तरी एका परक्या घरात संध्याकाळी सहज बोलली गेलेली गोष्ट स्वतःच्या घरात बोलायला तिला मार्च उजाडला. रविवार होता. तिची आई सुशीला आता बहात्तर वर्षांची, बाबा गेल्यापासून तिच्याकडेच राहायची. व्हरांड्यात चटई टाकून ती चिंच फोडत बसली होती. समोर चिंचोक्यांचा ढीग, बोटं चिकट, ऊन पायापर्यंत आलेलं. संघमित्रा तिच्याजवळ बसली, तिनेही चार चिंचा फोडल्या. तीन महिने रोज ती या क्षणापाशी येऊन परत फिरली होती. आईचं वय, आईचं ब्लडप्रेशर, आईची झोप. कारणं पुष्कळ होती आणि सगळी आईच्या काळजीची होती.

"आई," ती म्हणाली, "नागसेनचं तू कोणाजवळ बोलली का कधी?"

सुशीलाची बोटं थांबली नाहीत. "कोणी विचारलं?" ती म्हणाली. "तुह्या बाबानं दारातच ताप सांगून टाकला. मंग लोकं तापाचंच विचारत राहिले. किती दिवस होता, कोणत्या डॉक्टरले दाखवलं. मी सांगत राहिली. तीन दिवस होता म्हणून." एक चिंचोका निसटून पायरीवर गेला, तिने तो तसाच राहू दिला. "मले वाटे, तू लहान हायेस. तुले नसन माहीत."

"मले माहीत होतं."

"ते बी वाटे मले," आई म्हणाली. "कधी कधी वाटे, पोरगी आता विचारन. मंग तू वाढायले उठायची." तिने पदराला हात पुसले, एकेक बोट, सावकाश. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. खूप दिवस स्टेशनावर बसून राहिलेल्या माणसाला आपल्या गाडीचं नाव ऐकू यावं तसं काहीतरी होतं. "विचार ना मंग. जे विचारायचं ते विचार."

संघमित्राला प्रश्न पाठ होते. त्यांतला एकही आठवला नाही. "त्या दिवशी सकाळी तो उठला," तिने विचारलं, "तेव्हा तू काय करत होती?"

"सिगडी पेटवून राहिली होती," आई लगेच म्हणाली, जणू उत्तर ओठांवरच होतं. "कोळसा ओला होता. धूर झाला होता घरभर. तो मागून आला अन् म्हणे, आई, बाजूले हो, मी पेटवतो. त्यानंच पेटवली त्या दिवशी."

"मंग?" संघमित्राने विचारलं.